खंत नेमकी कशाची, हे आधी ठरवावे

झाल्या गोष्टीबद्दल मनात जे सलत राहते, त्याला आपण सरसकट पश्चात्ताप म्हणतो. मराठीने मात्र या सलण्याची निरनिराळी नावे जपली आहेत, आणि आपल्याला लागू पडणारे नाव शोधणे ही ते समजून घेण्याची पहिली पायरी आहे. हातातोंडाशी आलेली गोष्ट निसटली की चुटपुट लागते, करायचे राहून गेले की रुखरुख उरते, आपल्या वागण्याने कोणाचे नुकसान झाले की पश्चात्ताप होतो, आणि हळहळ तर आपला काही संबंध नसलेल्या दुःखाचीही वाटते.

नाव सापडत नसेल, तर कागदावर एकच वाक्य लिहावे आणि त्याचा कर्ता ‘मी’ असावा: ‘मी अमुक केले’ किंवा ‘मी अमुक केले नाही’. पुष्कळ प्रयत्न करूनही ‘मी’ने सुरू होणारे खरे वाक्य जमत नसेल, तर ती हळहळ आहे, तिच्यात धडा शोधण्याचा अट्टहास करू नये, कारण त्यातून नसलेला दोष अंगाला चिकटतो.

चुटपुटीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये लोकांपुढे एक प्रसंग ठेवला होता: दोन प्रवासी विमानतळावर सारख्याच उशिरा पोहोचतात, एकाचे विमान अर्ध्या तासापूर्वी गेलेले असते, दुसऱ्याचे मात्र सुटायलाच उशीर झाल्याने अवघ्या 5 मिनिटांपूर्वी. दुसऱ्याला अधिक वाईट वाटेल, असे जवळजवळ सर्वांनी सांगितले. उशीर दोघांचा सारखाच होता, तरी ‘थोडक्यात हुकले’ ही जाणीव जास्त बोचते. म्हणून एखादी गोष्ट फार बोचते आहे, एवढ्यावरून आपली चूकही तेवढीच मोठी होती, असे मानू नये.

यानंतर त्याच कागदावर दोन रकाने आखावेत: ‘तेव्हा मला माहीत होते’ आणि ‘नंतर कळले’. हे काम प्रामाणिकपणे केले, तर आपण स्वतःला देत असलेल्या दूषणांपैकी बरीचशी दुसऱ्या रकान्यात जातात. शिकण्यासारखे असते ते पहिल्या रकान्यात, कारण माहीत असूनही आपण का थांबलो किंवा का घाई केली, याचे उत्तर तिथेच सापडते. मात्र हे विचार रात्रंदिवस फिरत राहून झोप आणि भूक उडाली असेल, तर कागदावर विसंबू नये. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे चोवीस तास समुपदेशक मिळतात.

सर्वांत जास्त वेळ रुखरुखीला द्यावा. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडले की, नजीकच्या काळात केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप अधिक टोचतो, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टीच अधिक आठवतात. केलेल्या चुकीची माफी मागता येते, भरपाई करता येते. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो, आणि ‘केले असते तर’ ही कल्पना दरवर्षी वाढतच जाते.

शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला आपल्या आठवणींची वही वाचायला दिली होती. सवडीने, मन लावून वाचू, अशा सद्हेतूने ती वर्षभर कपाटात राहिली, आणि ते गेले. माझ्या पहिल्या रकान्यात दोन नोंदी होत्या: त्यांचे वय, आणि भेटल्यावर वहीबद्दल न विचारता क्षणभर थांबण्याची त्यांची रीत. माझा आळस हे कारण नव्हतेच. चांगला अभिप्राय देता आला पाहिजे, या आग्रहापायी मी साधा अभिप्रायही दिला नाही. तेव्हापासून कोणी काही वाचायला दिले की मी आठ दिवसांत, चार ओळींचे का होईना, उत्तर देतो. वही संगणकावर उतरवून मी त्यांच्या मुलीला दिली. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की बाबांना मी काय कळवले होते.