जुन्या गाडीचं मिसिंग आणि चेक इंजिनचा दिवा: पार्ट बदलण्याआधी हवेची गळती शोधा

दहा-बारा वर्षं जुन्या वॅगन आर किंवा सँट्रोसारख्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि सिग्नलला उभी असताना ती थरथरायला लागली, की पहिला सल्ला ठरलेला: ‘ऑक्सिजन सेन्सर बदला.’ दुसरा त्याहून वाईट: ‘बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवा.’ तार काढल्यावर दिवा विझतो खरा, पण ईसीएममधला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधला) बिघाडाचा कोड जातो आणि बिघाडाच्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर होतं ही नोंदही जाते. बिघाड मात्र जागच्या जागी राहतो.

आधी दिवा बघा. स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापवतंय. रेस सोडा, गाडी बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा.

मग स्कॅनर लावून कोड आणि त्यासोबतची नोंद लिहून घ्या. कोडवरून कुठला पार्ट बदलायचा ते कळत नाही. पी०१७१ एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, आणि बहुतेक वेळा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर खरं बोलत असतो. एखादा सिलिंडर मिस झाला, म्हणजे त्यात पेट्रोल जळलं नाही, तरी त्यातला न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि हाच कोड येऊ शकतो.

पी०३०१, पी०३०२ अशा कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर ती शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेली. नाहीतर प्लगची अशीच अदलाबदल करा. सीएनजी किट असेल तर दोन्ही इंधनांवर चालवून बघा. फक्त पेट्रोलवर मिस करत असेल तर इंजेक्टर आणि पंपाकडे वळा. फक्त सीएनजीवर करत असेल तर किटसोबत प्लग आणि कॉइलही तपासा, कारण गॅसला ठिणगी जास्त जोरदार लागते.

इथपर्यंत काही सापडलं नाही, की खरं काम सुरू होतं. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पुढे बहुधा कुठूनतरी चोरून हवा शिरते आहे. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, कारण ही गळती डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिन तापलं की कित्येकदा नाहीशीही होते. म्हणून तपासणी सकाळी, गार इंजिनवरच करा. कडक झालेलं रबर आणि आक्रसलेलं गॅसकेट गरम झाल्यावर फुगून बसतं. दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी हमखास शहाण्यासारखी वागते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो मीटरच्या गाडीत फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतं-घटवतं तो स्कॅनरवरचा आकडा) आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, +१५ टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आलं, तर गळती जवळपास नक्की. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो. त्याला मॅनिफोल्डमधला वाढलेला दाब दिसतो, ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतं आणि ट्रिम जागेवर राहू शकतं. अशा गाडीत आयडलिंग चढतं किंवा वर-खाली होतं. गळती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर तेवढाच मिस करतो, आणि लोक प्लगवर प्लग बदलत बसतात.

शोधायचं असं: इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचा एकेक रबरी पाइप कापड गुंडाळलेल्या पक्कडीने हलकेच दाबा. ज्याच्यावर आयडलिंग सुधारेल, त्याच्या पुढचा भाग दोषी. ब्रेक बूस्टरचा पाइप निघाला तर विषय ब्रेकचा आहे, दुरुस्तीशिवाय गाडी बाहेर काढू नका. पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा) पाइप वळणाच्या आतल्या बाजूने चिरतो, तिथे बोट फिरवून बघा. मॅनिफोल्डच्या गॅसकेटवर साबणाचं पाणी थोडं थोडं फवारा, वायरिंग आणि कॉइल टाळून. गळतीवर पडलं की आवाज क्षणभर बदलतो. व्हिडिओंमध्ये कार्ब क्लीनर मारतात. ते तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर पेट घेतं, माझा त्याला ठाम विरोध आहे. जवळपास कुणाकडे स्मोक टेस्टचं (धूर सोडून गळती दाखवणारं) यंत्र असेल तर पैसे द्या आणि मोकळे व्हा.

थ्रॉटल बॉडी साफ करायची ती यानंतर. साफ केल्यावर आयडलिंग काही वेळ बिघडू शकतं. कंपनीच्या पद्धतीने ते परत शिकवावं लागतं.

तरीही मिस करत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली नको. वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेल्या गाडीत आधी टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) मोजून घ्या. व्हॉल्व्ह सीट झिजली की ते कमी होतं, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंगलाच मिसिंग जाणवतं.