भाषणात गोष्ट सांगा, पण मुद्दा आधी

भाषणात गोष्ट सांगा, हा सल्ला आता सगळेच देतात. मग मंडळी माईक हातात आला की ससा-कासव तरी काढतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणारा गरीब मुलगा आणि श्रीमंत शेठजी. समोरच्यांनी तो सकाळीच वाचून पुढे ढकललेला असतो. ते सोडा.

तुमचा मुद्दा आधी एका वाक्यात लिहा. तेवढं जमेना, तर गोष्ट शोधायला जाऊच नका.

गोष्ट स्वतः पाहिलेली घ्या. थोरांचे प्रसंग शक्यतो नकोत. एक साल चुकलं की पहिल्या रांगेतले निवृत्त गुरुजी चहाच्या वेळी तुम्हाला गाठतात. माणसं दोन, जागा एक, वेळ दोन मिनिटं. पुरे.

‘मी आपल्याला एक छोटीशी गोष्ट सांगू इच्छितो’ हे वाक्य गाळा. थेट प्रसंगात उतरा.

खरी अडचण पुढे आहे, आणि माझीही सगळ्यात जास्त दमछाक इथेच व्हायची: गोष्टीतून मुद्द्यावर यायचं कसं? समजा, सोसायटीच्या सभेत कचरा वेगळा करण्यावर बोलायचंय. तुम्ही सांगता, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी तिसऱ्या मजल्यावरची काळी पिशवी उचलली, आतली फुटकी बरणी तळव्यात घुसली. त्यांनी पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि चौथ्या मजल्याची बेल वाजवली. सभा गप्प. आणि आता तुम्ही म्हणता, ‘तर मित्रहो, यावरून आपल्याला काय शिकायला मिळतं...’ संपलं. लोक घड्याळ बघू लागतात. आपल्याला आता शिकवणार, हे त्यांना कळलेलं असतं.

असं होतं, कारण मुद्दा शेवटपर्यंत लपवून ठेवलेला असतो. ‘उत्सुकता टिकवा’ म्हणून सांगतात ना, त्याचा हा परिणाम. रहस्यकथेत ते ठीक. भाषणात लपवलेला मुद्दा नंतर समजावूनच सांगावा लागतो, आणि समजावलेली गोष्ट मेली.

यावरचा उपाय नारदीय कीर्तनात आयता आहे. पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, बुवा अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. मग नामघोष होतो, आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. समोरची पोरंबाळं आख्यानाचीच वाट बघत असतात, तरी अभंग आधी. शेवटी बुवा त्याच मूळ अभंगावर येतात. पण आता ऐकणाऱ्याला त्या ओळीत आख्यानातली माणसं दिसू लागलेली असतात.

आपणही तेच करायचं. सभेत उभं राहिल्यावर पहिलंच वाक्य: ‘फुटलेली काच कागदात गुंडाळा, वर “काच” लिहा आणि वेगळी द्या.’ ऐकायला अगदी रुक्ष, नोटीस बोर्डावरचं. असू दे. मग मावशी, काळी पिशवी, पदर, चौथ्या मजल्याची बेल. तिथे थांबा. दोन श्वास घ्या. ही शांतता भरायला जीभ वळवळते. वळवळू द्या, तोंड उघडू नका. आणि मग तेच वाक्य, शब्दही न बदलता, पुन्हा म्हणा. ‘म्हणून’ नको, ‘तात्पर्य’ नको, आवाजात गहिवर तर नकोच. रडवायला जाल, तर लोक तुमच्या अभिनयाला दाद देतील आणि काच पुन्हा काळ्या पिशवीतच टाकतील.

शब्द न बदलता म्हणणं वाटतं त्याहून कठीण आहे. ऐन वेळी काहीतरी भारदस्त जोडावंसं वाटतं, म्हणून एवढं एकच वाक्य कागदावर लिहून हातात ठेवा. गोष्ट मात्र लिहू नका, नाहीतर वाचल्यासारखी सांगाल.

लोकांना बोलतं करायचं असेल तर प्रश्न विचारा. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. पण प्रश्न असा हवा की मागच्या रांगेतल्या आजींनाही उत्तर देता यावं: ‘काल तुमच्या घरी पिशवी कोणी बांधली?’

सराव आरशासमोर नको, घरच्या एखाद्या कंटाळलेल्या माणसासमोर करा. त्याने मोबाइल हातात घेतला, की तिथलं वाक्य कापा.