परागंदा स्त्रीची कादंबरी लिहिताना

लिहायला बसण्यापूर्वी आपल्या नायिकेला कोणता शब्द लागू पडतो, हे ठरवून घ्यावे. हद्दपारी हुकमाने होते; परागंदा माणूस जिवाच्या भीतीने स्वतःच निघून जातो; देशोधडीला लागलेल्याचा तर मुक्कामच ठरत नाही. या तीन वेगळ्या कादंबऱ्या आहेत, आणि ही निवड टाळली की लेखन सरसकट दुःखाच्या वर्णनात पसरत जाते.

मग काळ पक्का करावा, कारण काळाबरोबर कायदा बदलतो. अमेरिकेत १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व जात असे, म्हणजे उंबरठाही न ओलांडता ती स्वतःच्या गावात परकी ठरे. ही अट १९२२ मध्ये बऱ्याच अंशी सैल झाली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात छळाची पाच कारणे दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. त्यांत स्त्री असणे हे कारण नाही. त्यामुळे घरच्यांच्याच धमक्यांमुळे पळालेल्या स्त्रीला आपली हकिकत बहुधा ‘सामाजिक गट’ या सदरात बसवून सांगावी लागते. तिच्यावर जे गुदरले आणि जे सांगितल्याने आश्रय मिळू शकतो, या दोहोंतले अंतर हाच कादंबरीचा खरा ऐवज होय.

म्हणून आश्रयाच्या अर्जावरील मुलाखतीचा प्रसंग सावकाश लिहावा. ती तिच्या भाषेत बोलते, दुभाषा प्रथमपुरुषात भाषांतर करतो आणि अधिकारी टिपून घेतो. मराठीत इथे एक अवघड, पण मोलाची जागा निर्माण होते: पुरुष दुभाष्याच्या तोंडी ‘मी रात्री निघाले’ घालायचे की ‘निघालो’? इतर अनेक भाषांत हा प्रश्नच उद्भवत नाही. मी ‘निघालो’ लिहीन, आणि ते ऐकताना ती टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहते, एवढेच दाखवीन.

ओळखीचा शोध तिच्या चिंतनातून मांडण्याचा मोह आवरावा. असली चिंतने वाचक भराभर उलटतो. त्याऐवजी एक वही ठेवून कोणत्या प्रकरणात तिला कोण कोणत्या नावाने हाक मारते, याची नोंद करावी: कार्यालयात आडनाव आधी येते, शेजारीण नाव तोडून अर्धे करते, आणि नव्या शाळेत जाणारी मुलगी एके दिवशी आईलाच तिच्या नावाचा ‘बरोबर’ उच्चार शिकवते.

स्थळवर्णन बेताचेच ठेवावे.

परतीचा प्रसंग घ्यायचाच असेल, तर तो भेटीगाठींच्या अश्रूंत बुडवू नये. जुन्या घरी कोणीतरी सहज विचारते, “परत कधी जाणार?” आजवर ‘परत’ म्हणजे हेच घर होते. तिचे उत्तर पहिल्या खर्ड्यात कोरे सोडावे, आणि ती नावांची वही पुन्हा वाचून झाल्यावरच ते लिहावे.