मालवणला जाताना आधी तिथी बघा

मालवण, तारकर्ली, देवबागला नोव्हेंबर ते मे कधीही जाता येतं, पण हे सगळे महिने सारखे नसतात. स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा, पाणी नितळ असतं. एप्रिल-मेमध्ये जायचं ते आंब्यासाठी, आणि दुपारी बारा ते चार सावली न सोडण्याच्या तयारीने. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, म्हणून शेवटचा आठवडा टाळाच. कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीतलं तिकीट त्याच सकाळी काढा.

दिवस आखायचा तो भरती-ओहोटीवर. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला ५ ची पाऊणपट, म्हणजे पावणेचार. त्याच्या सव्वासहा तास आधी, साडेनवाच्या सुमारास, ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा होडीवाल्याला विचारून खात्री करा. देवबागच्या संगमावरचा वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो, पण नेमकं तेव्हाच कर्ली खाडीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढत असतं. तिथे पोहायला उतरू नका, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ आणखी वाढते.

पाण्यातलं सगळं सकाळी दहाच्या आत उरका. तोवर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, पाणी शांत. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा सुटला की लाटा वाळू ढवळतात आणि खालचं काही दिसत नाही.

इथे पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिलनंतर विहिरी तळाला जातात, कारण सच्छिद्र जांभ्यात पाणी टिकत नाही. घरगुती निवासात उतरलात तर आंघोळ एका बादलीत करा. यजमानांवर ते मोठे उपकार होतात.

हापूस घेताना रंगावर जाऊ नका. देठापाशी नाक लावा; पिवळाधमक पण कडक आणि बिनवासाचा असेल तर सोडून द्या. घरी न्यायला कच्चाच घ्या. पोचल्याबरोबर पेटी उघडा, नाहीतर आतल्या उष्म्याने फळ डागाळतं. मग पिकण्यासाठी पेंढ्यात एकाच थरात अढी लावा, रोज चाळवा आणि नरम झालेलं फळ आधी काढा. फ्रिजमध्ये ठेवायचा तो पिकल्यावरच.