ब्रिटनमधला पहिला पगार: तुमचा कर स्वतः तपासायचा कसा?

ब्रिटनमध्ये नोकरदाराचा कर पगारातूनच परस्पर कापला जातो. पीएवायई नावाची ही पद्धत १९४४ पासून चालू आहे. त्यामुळे बहुतेक नोकरदारांना विवरणपत्र भरावंच लागत नाही. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला हा मोठा दिलासा वाटतो. पण ‘कंपनी कापतेय ना, मग झालं’ असं म्हणून आपण पेस्लिप उघडतच नाही आणि दोन गोष्टी निसटतात. पेस्लिपवरचा टॅक्स कोड, म्हणजे तुमची किती रक्कम करमुक्त धरायची ते कंपनीला सांगणारी खूण, चुकीचा असेल तर जास्तीचा कर महिनोन्महिने जात राहतो. आणि भारतातल्या ठेवींवरचं व्याज सांगायचं राहून जातं. या दोन्ही गोष्टींसाठी सुरुवातीला फार पैसे देऊन सल्लागार गाठायची गरज नसते. दोन संध्याकाळी शांतपणे बसलात तर साधी प्रकरणं घरच्या घरी समजतात.

खालचे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत.

पहिली पायरी: वर्ष कधी सुरू होतं ते पक्कं करा

इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. ही विचित्र तारीख जुन्या पंचांगातून आली आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना अकरा दिवस गाळले गेले, पण सरकारने करवर्षातला एकही दिवस सोडला नाही. म्हणून तारीख पुढे सरकली आणि १८०० मध्ये आणखी एका दिवसाने हलली. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की भारताचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इथलं त्यानंतर पाच दिवसांनी. हे पाच दिवस पुढे त्रास देतात.

दुसरी पायरी: करमुक्त रक्कम आणि टप्पे

वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. याला पर्सनल अलाउन्स म्हणतात. २०२१ पासून हा आकडा गोठलेला आहे, त्यामुळे पगारवाढीचा मोठा भाग करात जातो. त्याच्या वर ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के, तिथून १,२५,१४० पर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे ४५ टक्के. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर पगारासाठीचे टप्पे वेगळे आणि जास्त आहेत. १९ टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत सहा दर आहेत.

प्राप्तिकराबरोबर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी पेन्शन आणि भत्त्यांसाठीची वर्गणीही कापली जाते: १२,५७० ते ५०,२७० पौंडांच्या दरम्यान ८ टक्के आणि त्यावर २ टक्के.

वर्षाला ३६,००० पौंड पगार धरू. १२,५७० वजा केले की २३,४३० उरतात. त्यावर २० टक्के म्हणजे ४,६८६ पौंड प्राप्तिकर, महिन्याला सुमारे ३९०. नॅशनल इन्शुरन्स महिन्याला सुमारे १५६. ३,००० पौंडांपैकी हातात सुमारे २,४५४ येतात. पेन्शनची कपात यातून वेगळी होते. स्वतःच्या पगाराचं हे गणित एकदा कागदावर करून पाहा. पेस्लिप वाचायला शिकायचा याहून सोपा मार्ग नाही.

एक लाख पौंडांवर गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिथून पुढच्या प्रत्येक दोन पौंडांमागे पर्सनल अलाउन्स एक पौंडाने घटतो आणि १,२५,१४० ला संपतो. त्या पट्ट्यात प्राप्तिकर प्रत्यक्षात ६० टक्के पडतो. म्हणूनच या पगाराचे लोक पेन्शनमध्ये जास्त पैसे टाकतात.

तिसरी पायरी: टॅक्स कोड तपासा

सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. पेस्लिपवर १२५७एल असा कोड दिसला तर तुम्हाला पूर्ण पर्सनल अलाउन्स मिळतोय. स्कॉटलंडमध्ये त्याच्या आधी एस आणि वेल्समध्ये सी हे अक्षर येतं. बीआर दिसलं तर सगळ्या पगारावर सरसकट २० टक्के कापले जात आहेत. दुसऱ्या नोकरीला हा कोड ठीक आहे, एकमेव नोकरीला नाही. आणि १२५७एलच्या शेवटी एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स जोडलेलं असेल तर तो इमर्जन्सी कोड आहे.

इमर्जन्सी कोडने काय बिघडतं? समजा तुम्ही ऑक्टोबरमध्ये पुण्याहून बर्मिंगहॅमला आलात आणि ऑक्टोबरचाच पहिला पगार घेतलात. येऊन इथले रहिवासी झालात, तर वर्षाच्या मध्यात आलात म्हणून पर्सनल अलाउन्स कमी होत नाही, पूर्ण १२,५७० मिळतो. साध्या कोडमध्ये एप्रिलपासूनचा न वापरलेला अलाउन्स साठत येतो, म्हणून वरच्याच पगारावर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन महिन्यांत प्राप्तिकर शून्य पडायला हवा. नॅशनल इन्शुरन्स मात्र पहिल्या महिन्यापासून कापला जातो. इमर्जन्सी कोड प्रत्येक महिना सुटा धरतो आणि पहिल्याच पगारातून ३९० पौंड उचलतो. मार्चपर्यंतच्या सहा पगारांत तुमचे सुमारे १,२५७ पौंड जास्त गेलेले असतात. नव्या बिऱ्हाडाला भांडीकुंडी आणि थंडीचे कपडे घ्यायचे असतात, तेव्हा ही रक्कम लहान नाही.

हे टाळायचं तर रुजू होताना कंपनी देते तो स्टार्टर चेकलिस्ट नीट वाचून भरा. ६ एप्रिलपासूनची ही पहिलीच नोकरी असेल तर विधान ए, आधी दुसरी नोकरी होती पण आता ही एकच असेल तर बी, बरोबरीने आणखी एक नोकरी किंवा पेन्शन चालू असेल तर सी. घाईत टिक केलेली चूक पुढे महिनोन्महिने पुरते.

कोड चुकलाच असेल तर घाबरू नका. गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा किंवा एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या करखात्याचं ॲप घ्या. त्यात तुमचा कोड, नोकरी आणि अंदाजे उत्पन्न दिसतं, आणि चुकीची माहिती तिथेच दुरुस्त करता येते. कोड सुधारला की जास्तीचे पैसे पुढच्या पगारातच परत येतात. वर्ष उलटून गेलं तरी एचएमआरसी हिशेब करून पी८०० नावाचं पत्र पाठवते. मागच्या चार करवर्षांपर्यंतचा परतावा मागता येतो.

दोन कागद जपून ठेवा. मे अखेरीस मिळणारा पी६० म्हणजे वर्षभराचा पगार आणि कर, आपल्या फॉर्म १६ चा भाऊच. नोकरी सोडताना मिळणारा पी४५ नव्या कंपनीला दिलात तर पुन्हा इमर्जन्सी कोड लागण्याची शक्यता कमी होते.

चौथी पायरी: हक्काच्या सवलती मागा

मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या सवलतींमध्ये आपल्या घरांना सर्वांत उपयोगी पडते ती मॅरेज अलाउन्स. नवरा-बायकोपैकी एकाचं उत्पन्न १२,५७० च्या आत असेल आणि दुसऱ्याचा कर २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर पहिल्याने आपल्या अलाउन्समधले १,२६० पौंड दुसऱ्याला द्यायचे. वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या जोडीदाराला पहिलं वर्ष-दीड वर्ष नोकरी नसते, अशा कितीतरी घरांत हा अर्ज राहून जातो. अर्ज कमी उत्पन्न असलेल्याने करायचा असतो, इथेच लोकांची गफलत होते. मागची चार वर्षंही मागता येतात.

नर्सेस आणि डॉक्टरांनी आपल्या नोंदणी परिषदेला भरलेल्या फीवर कर-सवलत मागावी. गणवेश स्वतः घरी धुणाऱ्यांनाही ठरावीक सवलत असते. परताव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर हे काम करून देणाऱ्या जाहिराती दिसतात. अर्ज फुकट आणि दहा मिनिटांचा आहे, तो स्वतःच करा.

पाचवी पायरी: भारतातलं व्याज मोजा

हा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण याबद्दल आपल्यात फार गैरसमज आहेत. ‘एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी भारतीयांच्या खात्याचं) व्याज करमुक्त असतं’ हे वाक्य खरं आहे, पण फक्त भारतापुरतं. ब्रिटनचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर इथे कर देतो. एनआरई असो, एनआरओ (भारतातली कमाई ठेवायचं खातं) असो, पीपीएफ असो किंवा गावच्या घराचं भाडं असो, सगळं इथल्या हिशेबात येतं. पैसे इथे आणले नाहीत म्हणून सुटका होत नाही. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात.

थोडा आधार आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त, ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ५०० आणि ४५ टक्क्यांवाल्याला काहीच नाही. इथल्या आयएसए या करमुक्त बचत खात्यातलं व्याज यात धरत नाहीत. भारतातलं मात्र धरतात.

समजा २२ लाखांची एनआरई एफडी साडेसात टक्क्यांनी आहे. व्याज १ लाख ६५ हजार. पौंड ११० रुपयांचा धरला तर १,५०० पौंड. आधीच्या उदाहरणातला ३६,००० पगाराचा माणूस १,००० वजा करून उरलेल्या ५०० वर २० टक्के, म्हणजे १०० पौंड देईल. पगार ६०,००० असेल तर १,००० पौंडांवर ४० टक्के, म्हणजे ४०० पौंड.

आकडे मिळवताना ते पाच दिवस आडवे येतात. भारतीय बँकेचं व्याज प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं. म्हणून खात्याचा उतारा घेऊन ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं व्याज स्वतः जुळवा.

एनआरओवर बँक ३० टक्क्यांच्या दराने टीडीएस कापते. १९९३ च्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार भारताला अशा व्याजावर १५ टक्केच घेता येतात, आणि ब्रिटनही सूट १५ टक्क्यांपर्यंतचीच देतं. वरचे पैसे भारतात विवरणपत्र भरून परत घ्यायचे असतात. आधीच कमी टीडीएस हवा असेल तर एचएमआरसीकडून रहिवासी प्रमाणपत्र घ्या आणि ते फॉर्म १० एफ या भारतीय कर-फॉर्मबरोबर बँकेला द्या.

एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांसाठी एक पर्याय आहे. आधीची सलग दहा वर्षं तुम्ही ब्रिटनचे रहिवासी नसाल, तर पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर कर माफ करून मागता येतो. मात्र ज्या वर्षी मागाल, त्या वर्षी पर्सनल अलाउन्स जातो. २० टक्क्यांच्या टप्प्यात त्याची किंमत २,५१४ पौंड आहे. १०० पौंड वाचवायला तो सोडणं तोट्याचं आहे. भारतात मोठं भाडं किंवा मोठा नफा असेल तरच हा विचार करा, आणि तेव्हा सल्लागार जरूर गाठा.

सहावी पायरी: गरज असेल तर विवरणपत्र भरा

व्याज वरच्या मर्यादेबाहेर गेलं, परदेशातून भाडं आलं, शेअर विकून वर्षात ३,००० पौंडांहून जास्त नफा झाला किंवा शिकवण्या, डबे, गाण्याच्या सुपाऱ्या यांतून १,००० पौंडांहून जास्त जमा झाले, तर सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः विवरणपत्र भरायची पद्धत, तुम्हाला लागू होते का ते तपासा. नोंदणी करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत करायची. मग यूटीआर हा दहा आकडी करदाता क्रमांक पोस्टाने येतो, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. ऑनलाइन विवरणपत्र आणि पैसे, दोन्हींची मुदत ३१ जानेवारी. एक दिवस उशीर झाला तरी १०० पौंड दंड आहे, कर शून्य असला तरीही. तीन महिन्यांनंतर रोजचे १० पौंड सुरू होतात.

पहिल्याच वर्षी अनेकांना धक्का बसतो तो आगाऊ हप्त्यांचा. विवरणपत्रावरचा कर १,००० पौंडांहून जास्त असेल आणि तुमच्या एकूण कराच्या ८० टक्क्यांहून कमी कर आधी कापला गेला असेल, तर पुढच्या वर्षाच्या कराचा अर्धा भाग त्याच ३१ जानेवारीला आणि उरलेला अर्धा ३१ जुलैला मागतात. त्याची तजवीज आधी करून ठेवा.

पैसे नसतील तरी विवरणपत्र वेळेत भरा, कारण ते न भरल्याचा दंड वेगळा लागतो. ३०,००० पौंडांपर्यंतची थकबाकी असेल तर मुदतीनंतर ६० दिवसांच्या आत ऑनलाइन हप्ते बांधून घेता येतात. उत्पन्न बेताचं असेल तर टॅक्सएड ही धर्मादाय संस्था मोफत मदत करते.