गाय आटली म्हणून नुसत्या कडब्यावर ठेवू नका

मार्च-एप्रिल लागला की आपल्याकडं आटलेल्या, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद झालेल्या गाभण गायीचे हाल ठरलेलेच. दुधात आहे तोवर तिला सरकी पेंड, मका, घास सगळं, आणि आटली की दावणीला वाळला कडबा नाहीतर सोयाबीनचं भुसकट, आता कुठं दूध देती म्हणून. मी पण हेच करायचो. माझी एचएफ गाय पहाटे व्याली, वासरू चांगलं, पण रात्र झाली तरी वार (वासरामागनं पडणारी झार) पडंना, शेजारच्यानं तर वारेला चप्पल बांध म्हणून सांगितलं (असलं काही करू नका, हातानं ओढू पण नका, आत तुटून राहती). पुढं आठ दिवस ताप आणि घाण वास, वर एका सडाला दगडी (कासेची सूज). डॉक्टरांनी एकच विचारलं, हिरवं कधीपासून बंद आहे?

ई जीवनसत्त्व ताज्या हिरव्यात भरपूर असतं पण चारा उन्हात वाळला की बरंचसं जातं, आणि गंजीत जेवढे महिने पडून राहील तेवढं अजून कमी होतं. सेलेनियम ह्या खनिजाचं तसं नाही, ते वाळून जात नाही, पण जमिनीतच कमी असलं तर कडब्यात येणार कुठून. दोघांचं काम जोडीनं चालतं, पांढऱ्या पेशी तगड्या राहतात, आणि वार सुटायला अन् कासेतले जंतू मारायला ह्याच पेशी लागतात.

आता हिशोब. सेलेनियम लागतं किलो कोरड्या चाऱ्यामागं 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे आटलेली गाय 10 किलो खात असली तर दिवसाला 3 मिलिग्रॅम. तुमच्या मिनरल मिक्स्चरच्या पिशवीवर किलोला 10 मिलिग्रॅम लिहिलं असेल आणि तुम्ही 50 ग्रॅम टाकताय, तर पोटात गेलं फक्त अर्धा मिलिग्रॅम! लेबल वाचायला कुणाला वेळ असतो म्हणा. ई जीवनसत्त्व आटलेल्या गायीला दिवसाला 1000 युनिटच्या आसपास, दुधातल्या गायीला 500. विहिरीला पाणी असेल तर दोन-चार गुंठे घास गाभण गायीसाठीच राखा, मुरघासात (खड्ड्यात दाबून मुरवलेल्या चाऱ्यात) ताज्याइतकं ई राहत नाही.

इंजेक्शन पण मिळतं, व्यायच्या तीनेक आठवडे आधी देतात, पण ते डॉक्टरांच्याच हातानं. सेलेनियम जास्त झालं तर विष आहे, पावडर, गोळी, इंजेक्शन तिन्ही एकदम चालू करू नका. आणि वार अडकायला कॅल्शियमची कमी, जुळं, ब्रुसेला जंतूचा रोग अशी बाकी कारणं पण असतात, 12 तासात पडली नाही तर डॉक्टरला फोन करा, उघड्या हातानं वारेला शिवू नका.

एक अजून, ई जीवनसत्त्व वासराला पोटात असताना फारसं पोचत नाही, चिकातूनच (व्याल्यावरच्या पहिल्या दुधातूनच) मिळतं, म्हणून वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही हे आजीच्या वेळचं सोडा आणि तासाभरात पाजा.