बरोसाची भरदार शिराझ: चाखावी कशी, पारखावी कशी

उष्ण प्रदेशातील भरदार रेड वाइन पहिल्याच घोटात माणसाला जिंकून घेते, आणि पारखणाऱ्याची अडचण तिथूनच सुरू होते. गडद रंग, पिकलेल्या फळांचा दाट वास आणि तोंडभर पसरणारा गोडसर जडपणा एकत्र आला की वाइन उत्तमच असणार, असे वाटू लागते. पण जिथे ऊन मुबलक आहे तिथे हा जडपणा जवळजवळ फुकट मिळतो; म्हणून गुण द्यायचे ते जडपणाला नव्हे, तर वाइनने तो कसा पेलला आहे याला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा व्हॅलीच्या शिराझवर, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाच्या रेड वाइनवर, ही पारख चांगली शिकता येते.

चाखण्यापूर्वी बाटलीवर कागद गुंडाळून लेबल झाकावे. बरोसामध्ये १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही फळ देतात, आणि १२५ वर्षांहून जुन्या वेलींसाठी तिथे ‘ॲन्सेस्टर’ असा वेगळा वर्गच आहे. पण हे वाचल्यावर जीभ निःपक्षपाती राहत नाही.

तापमान १६ ते १८ अंश सेल्सियस असावे. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड हवेतल्या खोल्यांना धरून दिलेला आहे. २६-२७ अंशांना साडेचौदा टक्के अल्कोहोलची वाइन नाकाला झोंबते आणि तिचे फळ त्यामागे दडून जाते. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तरी पुरते. वर निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात साधारण ५० मिलिलिटर ओतावी, म्हणजे ती न सांडता फिरवता येते.

रंगावर फार वेळ घालवू नये. कोवळी शिराझ जांभळट आणि जवळजवळ अपारदर्शक असते, वय वाढते तशी तिची कड विटकरी होत जाते, एवढे पुरे. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांकडे पाहून मान डोलावणारे बरेच भेटतात. ते ओघळ मुख्यतः अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे होतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

वास आधी ग्लास न हलवता घ्यावा, मग फिरवून. फळ किती पिकले होते, हा इथला कळीचा प्रश्न. ताज्या ब्लॅकबेरीचा आणि आलुबुखारचा वास आला तर तोडणी वेळेवर झाली असे समजावे. जॅमचा आला तर सावध व्हावे. मनुकांचाच आला तर द्राक्षे वेलीवर सुकू लागली होती. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास बहुधा अमेरिकन ओकच्या पिंपातून येतो. बरोसाची ती जुनी सवय आहे. तो वास फळाच्या मागे असावा, पुढे आला तर तेवढे गुण कमी करावेत. काळी मिरी रोटुंडोन या द्रव्यामुळे जाणवते आणि थंड जागेच्या शिराझमध्ये ती अधिक असते. पाचांपैकी सुमारे एका माणसाला हे द्रव्य हुंगताच येत नाही, तेव्हा शेजाऱ्याला मिरी लागली आणि आपल्याला नाही, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता लहानसा घोट घेऊन तो हिरड्यांपर्यंत फिरवावा आणि ओठांमधून थोडी हवा आत ओढावी. आधी आम्लता पाहावी, कारण उष्ण प्रदेशात साखर वाढत असताना द्राक्षांतले आम्ल झपाट्याने घटते आणि ते भरून काढण्यासाठी टार्टरिक आम्ल मिसळणे ऑस्ट्रेलियात कायदेशीर आणि रूढ आहे. घोट थुंकल्यावर जबड्याच्या कडांना पाणी सुटले तर आम्लता पुरेशी आहे. पण फळाची चव ओसरल्यावर आंबटपणा एकटाच टोचत राहिला, तर ती वाइन नीट जुळून आलेली नाही. टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या सालींतून उतरणारे तुरट द्रव्य, हिरड्यांवर जाणवते. ते मखमलीसारखे दाट असले तर उत्तम, कडक कोऱ्या चहासारखे खरखरीत असले तर एक तर वाइन कोवळी आहे किंवा सालींचा अर्क जास्त उतरवला गेला आहे.

अल्कोहोलची परीक्षा शेवटी करावी. थुंकल्यानंतर तोंडाने सावकाश श्वास घ्यावा आणि मनात सेकंद मोजावेत: आधी काय संपते, फळ की घशातली ऊब? फळ मागे रेंगाळले तर पंधरा टक्केही खपून जातात. नुसती जळजळ उरली तर चौदासुद्धा जास्त. माझ्या लेखी भरदार वाइनचा निकाल बव्हंशी याच श्वासावर लागतो.

तरीही टिपण लगेच पुरे करू नये. ग्लासात थोडी वाइन राखून तासाभराने तिच्याकडे परत यावे. जॅमसारखी दाट वाइन तोवर अनेकदा सपाट झालेली असते, तर सुरुवातीला अबोल वाटलेल्या एखाद्या शिराझमध्ये ज्येष्ठमध आणि कातड्याचा वास उमललेला असतो. दुसरे गुण तेव्हा लिहावेत, पहिल्या गुणांशी ताडून पाहावेत, आणि मगच लेबलावरचा कागद काढावा.